खडकवासला भरलं की आनंद मानायचा की धास्ती घ्यायची?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. पुण्यात सिंहगड रस्त्याला मुठा नदीच्या अंगाला एक फ्लॅट पसंत पडलाय. घरातली ज्येष्ठ मंडळी नको म्हणतात, कारण त्यांना १९६१ चा पानशेतचा पूर आठवतो. वर दीडशे वर्षांचं जुनं धरण, ते फुटलं तर काय, ही त्यांची धास्ती. इकडे दर पावसाळ्यात ‘खडकवासला शंभर टक्के’ ही बातमी वाचून सगळे खूश होतात. मग भरलेलं धरण चांगलं की वाईट? आणि पुराची एवढी भीती असेल तर ते पावसाळ्यात रिकामंच का ठेवत नाहीत?

माझी नोकरी धरणांची देखभाल आणि पावसाळ्यातलं पूरनियंत्रण यातच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या भीती एकमेकींत मिसळल्यात. एक, धरण फुटण्याची. दुसरी, धरण ठणठणीत असताना त्यातून सोडलेलं पाणी घरात शिरण्याची. पहिली गोष्ट पुण्यात एकदा घडली आणि तिने शहराचा चेहरामोहरा बदलला. दुसरी अधूनमधून घडतेच. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घडली. तुमच्या घरचे पहिलीचा विचार करतायत. फ्लॅट घेताना दुसरीचा विचार जास्त करायला हवा, असं माझं मत आहे. मात्र घ्या किंवा घेऊ नका, हे इमारत न बघता मी सांगू शकत नाही. ते इमारतीच्या जोत्याच्या (प्लिंथच्या) पातळीवर अवलंबून आहे, त्याबद्दल शेवटी लिहितो.

आधी व्यवस्था समजून घेऊ. पुण्याचं धरण एक नाही, चार आहेत. आंबी नदीवर पानशेत (१०.६५ टीएमसी), मोसे नदीवर वरसगाव (१२.८२), मुठेवर टेमघर (३.७१), आणि या तिघांच्या खाली खडकवासला, तेही मुठेवरच, १.९७ टीएमसीचं. एकूण उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. आता आकडे परत बघा. ज्या धरणाचं नाव रोज पेपरात येतं, त्यात एकूण साठ्याचा जेमतेम पंधरावा हिस्सा मावतो. पाण्याचं कोठार वर आहे, खडकवासला हे त्या कोठाराचं दार आहे. वरून येणारं पाणी तिथे थांबतं, आणि तिथून ते बंद जलवाहिनीने पर्वती आणि लष्कर जलकेंद्रांकडे, उजव्या कालव्याने हवेली, दौंड, इंदापूर, बारामतीच्या शेतीकडे, आणि उरलेलं नदीत जातं.

म्हणून ‘खडकवासला शंभर टक्के’ या बातमीने मला कधी फार आनंद झाला नाही. ते दोन चांगल्या पावसात भरतं. वर्षाचं पाणी झालं का, हे कळायला पानशेत आणि वरसगावचे आकडे बघायचे. १५ ऑक्टोबरला चारही धरणांत मिळून किती पाणी आहे, त्यावर पुढच्या १५ जुलैपर्यंतचं शहराचं आणि शेतीचं नियोजन ठरतं. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत उन्हाळी आवर्तनावरून, म्हणजे शेतीला कालव्यातून पाणी सोडण्याच्या पाळीवरून, जी खडाजंगी होते, ती याच साठ्याच्या वाटणीवरून.

आता धरणाच्या तब्येतीकडे येतो. वयाची भीती समजण्यासारखी आहे, पण धरणाच्या बाबतीत नुसतं वय फारसं काही सांगत नाही. आपल्याच साखळीत बघा. खडकवासला १८७० च्या दशकात बांधलेलं दगडी धरण. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, तेव्हा ते नवं कोरं होतं, किंबहुना पुरतं बांधूनही झालं नव्हतं. आणि २०१६ साली गळतीमुळे ज्या धरणावर राज्यभर गदारोळ झाला ते टेमघर चौघांत सर्वात धाकटं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, तेही काही ब्रिटिशांच्या काळातलं नव्हतं. त्याच सह्याद्रीत १९२६ सालचं भंडारदरा आजही उभं आहे. जे धरण धोक्यात येतं ते पाया, बांधकामाचा दर्जा, सांडव्याची (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेची) क्षमता किंवा देखभाल यांपैकी कशात तरी कमी पडलेलं असतं. आणि हो, खडकवासल्याचा १९६१ साली फुटलेला भाग नंतर नव्याने बांधला गेला, त्यामुळे सगळी भिंत दीडशे वर्षांची हेही खरं नाही.

१९६१ ला नेमकं काय झालं हे तुमच्या घरच्यांसाठी सांगतो, कारण ‘धरण फुटलं’ एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलंय. पानशेत हे मातीचं धरण. काम पुरं व्हायच्या आधीच त्या पावसाळ्यात त्यात पाणी अडलं. पाणी सोडायचा जो मार्ग धरणाच्या पोटातून जातो, त्याचं आणि त्याच्या दरवाजांचं काम अर्धवट होतं. त्या मार्गाचं बांधकाम खचलं, तशी वरची माती खचू लागली. लष्कराच्या जवानांनी आदल्या रात्री वाळूची पोती रचून भर घातली, तरी सकाळी धरण गेलं. तो सगळा लोंढा खाली खडकवासल्यावर आला. खडकवासला दगडी होतं म्हणून भिंतीवरून पाणी वाहत असतानाही काही तास टिकलं, आणि मग फुटलं. शहरातल्या कितीतरी लोकांचे जीव त्या तासांनी वाचवले. मातीचं धरण असतं तर तेवढाही अवधी मिळाला नसता. भिंतीवरून पाणी गेलं की मातीचा भराव धुपून जातो. १९७९ साली गुजरातेत मोरबीच्या वर मच्छू-२ धरणाचं असंच झालं. सांडव्यातून जाऊ शकेल त्याच्या कितीतरी पट पूर आला आणि मातीचे बाजूचे बांध वाहून गेले.

त्या पुराची एक बाजू आता कुणी फारशी सांगत नाही. पूर ओसरला, आणि शहराला प्यायला पाणी नव्हतं. ज्या खडकवासल्याच्या पाण्यावर पुणं जगत होतं तेच उरलं नव्हतं. पेठांमधले जुने आड, विहिरी आणि पेशवेकालीन कात्रजचं पाणी यांची आठवण लोकांना तेव्हा झाली. शहराच्या पाण्याचं धरण आणि शेतीचं धरण यांच्या सुरक्षेत मी फरक करतो तो यासाठी. शहराचं धरण गेलं तर बुडणारे आणि तहानलेले तेच लोक असतात.

आता धरण सुरक्षित आहे हे आम्ही कशावरून ठरवतो? दगडी धरण स्वतःच्या वजनावर उभं असतं. पाणी त्याला पुढे ढकलतं, आणि पायातून शिरलेलं पाणी खालून वर उचलू बघतं. इथे लोकांचा एक गैरसमज असतो. जलाशय मागे किती किलोमीटर पसरलाय याने भिंतीवरचा रेटा वाढत नाही. रेटा ठरतो तो भिंतीपाशी पाणी किती खोल आहे त्यावर, आणि तो खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. खोली दुप्पट झाली तर रेटा चौपट. म्हणून शेवटच्या एक-दोन मीटरला आम्ही इतके जपतो. धरण फुटल्यावर खाली किती नुकसान होईल, ते मात्र साठ्यावर ठरतं.

खालून उचलणारा दाब कमी करायला भिंतीच्या पोटातल्या गॅलरीत, म्हणजे आतल्या बोगद्यासारख्या वाटेत, निचऱ्याची छिद्रं ठेवलेली असतात. त्यातून पाणी झिरपणं अपेक्षितच असतं. जुन्या धरणात बांधकामातला चुना विरघळून याच छिद्रांत साचतो आणि ती बुजत जातात. मग गॅलरी कोरडी दिसते, पाहुणे म्हणतात वा, काय छान धरण, आणि जाणत्या माणसाला काळजी लागते. त्या छिद्रांची साफसफाई हे कुणाच्या नजरेत न येणारं काम आहे, पण धरणाचं आयुष्य त्यावर टिकतं.

मातीच्या धरणात नजर पायथ्याशी. तिथे पाझराचं पाणी एका चारीत गोळा करून व्ही आकाराची खाच असलेल्या पत्र्यावरून सोडतात. खाचेत पाणी किती उंचीवर आहे, ते पट्टीवर वाचून पाझर किती ते कळतं. मी शिकाऊ इंजिनिअरांना पट्टीच्या आधी काचेचा ग्लास हातात द्यायचो. खाचेखाली धरा, भरा, उन्हाकडे करून बघा, मग दगडावर ठेवून द्या आणि बाकीची पाहणी करून परत या. तळाशी साका नसेल तर पाझर थोडा जास्त असला तरी घाई नको. बारीक मातीचा थर बसला असेल तर पाणी आतून धरणाची माती घेऊन येतंय, आणि तो फोन त्याच क्षणी वर करायचा. जलाशयाची पातळी तीच असताना पाझर वाढला, किंवा अचानक कमी झाला, तरीही काळजी. याशिवाय भरावावरची झाडं, घुशींची बिळं, वारुळं, पिचिंगचे, म्हणजे उतारावर रचलेल्या अस्तराचे, ढासळलेले दगड. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा तपासणी असते, आणि २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने ती आता कायदेशीर जबाबदारी झाली आहे. प्रत्येक मोठ्या धरणासाठी आपत्कालीन कृती आराखडाही त्या कायद्याने बंधनकारक केलाय. हे आराखडे धरणाखाली राहणाऱ्यांपर्यंत सोप्या मराठीत पोचायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

टेमघरबद्दल विचाराल म्हणून सांगतो. तिथली गळती गंभीर होती. त्यासाठी साठा कमी ठेवून भिंतीत सिमेंटचं ग्राऊटिंग केलं गेलं, म्हणजे फटी-पोकळ्यांत दाबाने सिमेंट भरलं गेलं, पाण्याच्या बाजूला थर दिला गेला, आणि गळती बरीच घटली. भूकंपाबद्दलही लोक विचारतात. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण धरण उभं राहिलं आणि नंतर ते मजबूत केलं गेलं. पुणे कोयनेपेक्षा कमी धोक्याच्या पट्ट्यात येतं. तेव्हा फुटण्याच्या भीतीबद्दल माझं उत्तर असं की लक्ष ठेवायला हवं, पण यासाठी मी फ्लॅट नाकारणार नाही.

आता खरा मुद्दा, दरवाजे. हिशेब करून दाखवतो, कारण या हिशेबाशिवाय दर पावसाळ्यातला वाद समजत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. समजा खडकवासल्यात निम्मी जागा रिकामी आहे, म्हणजे ढोबळमानाने एक टीएमसी. घाटात जोरदार पाऊस लागला आणि आवक ४० हजार क्युसेक झाली. किती वेळात भरेल? सात तासांत. संध्याकाळी निम्मं रिकामं दिसणारं धरण पहाटे काठोकाठ. त्यानंतर जेवढं येईल तेवढं सोडावंच लागतं, कारण भिंतीवरून पाणी जाऊ देणं हा पर्याय नसतो. आणि वरची तिन्ही धरणं भरलेली नसली तरी हे होऊ शकतं. त्यांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटात पडलेला पाऊस कुठेही न अडता थेट खडकवासल्यात येतो. ‘पानशेत तर अजून भरलं नाही, मग एवढं पाणी का सोडलं?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

मग ते आधीच रिकामं का ठेवत नाहीत? थोडी जागा ठेवतातच. पावसाळ्यात कोणत्या तारखेला किती पातळीपर्यंत भरू द्यायचं, याचं वेळापत्रक ठरलेलं असतं आणि ती पातळी जूनपासून टप्प्याटप्प्याने वाढत जाते. पण खडकवासला पूर्ण रिकामं केलंत तरी हाती दोनच टीएमसी जागा येते, वरच्या हिशेबाने चौदा तासांची. शिवाय पातळी एका मर्यादेखाली गेली की शहराचं आणि कालव्याचं पाणी उचलणंच अडतं.

खरा फायदा लवकर आणि थोडं थोडं सोडण्यात आहे. पावसाचा इशारा आल्यावर बारा तास आधी १० हजार क्युसेक सोडायला सुरुवात केली, तर सुमारे ०.४३ टीएमसी जागा मोकळी होते. ४० हजारांची आवक आली तर त्या जागेने तीन तास मिळतात. एकदम ४० हजार सोडण्यापूर्वीचे तीन तास म्हणजे गाड्या हलवायला, म्हाताऱ्या माणसांना वर न्यायला, वीज बंद करायला मिळालेला वेळ. इशारा खोटा ठरला तर काय गमावलं? चारही धरणांच्या साठ्यातला दीड टक्का, शहराचं जेमतेम आठवडाभराचं पाणी. जुलैत ते पाणी परत भरून येईल हे जवळपास नक्की असतं, म्हणून जुलैत मी आधी सोडण्याच्या बाजूने असेन. सप्टेंबरच्या अखेरीस मात्र तेच पाणी सोडताना हात अडखळतो, आणि अडखळायलाच हवा, कारण मे महिन्यात कुणीतरी त्याचा हिशेब मागणार असतं. दरवाजापाशी बसलेला अधिकारी या दोन टोकांमध्ये रात्र काढतो. सोडलेलं पाणी वाया जातं असंही समजू नका. मुठेतून मुळा-मुठा, तिथून भीमा असं ते उजनी धरणात पोचतं आणि सोलापूर जिल्हा त्याची वाट बघत असतो.

पण धरणाचं काम कितीही चोख झालं तरी घरात पाणी शिरेल की नाही हे शेवटी नदी ठरवते. पात्रात राडारोडा टाकून काठ पुढे सरकवला, भिंती घातल्या, भराव केले की तोच विसर्ग जास्त उंचीने वाहतो. २०२४ च्या त्या सकाळी विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात होता. तेवढ्यात लोकांचे तळमजले बुडावेत हे नदीच्या रुंदीबद्दल बरंच सांगून जातं. त्यात मुळशी किंवा पवना धरणातूनही पाणी सुटलं असेल तर मुळा-मुठेच्या संगमापाशी मुळेचा फुगवटा येतो आणि मुठेचं पाणी उतरायला वेळ लागतो. कालव्याकडेही दुर्लक्ष नको. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली तेव्हा पाऊस नव्हता, नदीला पूरही नव्हता, तरी वस्तीतली शेकडो घरं पाण्यात गेली.

आता तुमचा फ्लॅट. पूररेषेच्या नकाशावर इमारत कुठे येते ते बघा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. निळीच्या आत असेल तर घेऊ नका, किंमत कितीही कमी असो. निळी आणि लाल यांच्या मध्ये असेल तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर आहे का, हे मंजूर नकाशावर स्वतः बघा. बिल्डरच्या तोंडी उत्तरावर राहू नका. लाल रेषेच्या बाहेर असेल तर धरणापायी नाकारायचं कारण मला दिसत नाही. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा आला की पुढची चोवीस वर्षं सुट्टी, असा मात्र नाही. दर वर्षी चार टक्के शक्यता, आणि ती सलग दोन वर्षंही येऊ शकते.

जागेवर जाल तेव्हा पार्किंगमध्ये थोडा वेळ काढा. पाणी काठावरून आत यायच्या आधी पावसाळी गटारातून उलटं येतं, म्हणून गटाराची झाकणं कुठे आहेत आणि त्यांचं तोंड नदीकडे असेल तर उलटं पाणी रोखणारी झडप आहे का, ते बघा. लिफ्टच्या खड्ड्याच्या भिंतीवर गाळाची रेघ आहे का ते टॉर्च मारून बघा; रंगकाम करताना तिथे सहसा कुणी हात लावत नाही. विजेचे मीटर आणि पंपाचं पॅनेल किती उंचीवर बसवलंय, आणि २०२४ नंतर ते वर हलवलंय का, हे वॉचमनला विचारा. सोसायटीत रात्री विसर्ग वाढल्याचा निरोप कोण घेतं आणि कोण दारं वाजवतं, हेही विचारा. त्या भागात खडकवासल्याचं पाणी शहरात सर्वांत आधी पोचतं, तेव्हा हाताशी वेळ थोडा असतो.

मंजूर नकाशावर जोत्याची समुद्रसपाटीपासूनची पातळी मीटरमध्ये लिहिलेली असते. ती आणि त्या ठिकाणची लाल रेषेची पातळी मिळाली की इथे लिहा. दोन आकड्यांमधला फरक बघून घरच्यांना दाखवता येईल असं नेमकं उत्तर देतो.